मुलाची कातडी मागे जात नाही, म्हणून सुंता करावी का?

सिन्नरच्या एका ताईंनी विचारले आहे: मुलगा पाच वर्षांचा आहे. लघवीच्या जागेची कातडी मागे सरकत नाही, शू करताना टोकाशी फुगा येतो आणि मग धार लागते. दुखत नाही, ताप नाही. एका दवाखान्यात ‘सुंता करून टाका’ म्हणाले. सासूबाई म्हणतात, आपल्यात असले काही करत नाहीत. अमेरिकेतली नणंद म्हणते, तिकडे बाळ जन्मले की करतात, त्याने कॅन्सर आणि एड्स टळतो. यातले खरे काय मानायचे?

ताई, आधी तुमच्या मुलापुरते सांगतो. तुम्ही लिहिलेय तेवढेच असेल, तर त्याला आज शस्त्रक्रियेची गरज नाही. फुगा हा आजार नव्हे. आतली कातडी मण्यापासून, म्हणजे शिश्नाच्या टोकाच्या गोल भागापासून, सुटत चाललेली असते, तोंड मात्र अजून लहान असते, म्हणून लघवी क्षणभर आत साठते आणि कातडी फुगते. धार नीट लागत असेल, मूल कुंथत नसेल, तर हा फुगा बहुधा काही काळाने आपोआप दिसेनासा होतो.

नाशकात लहान मुलांचा सर्जन म्हणून काम करताना मला सत्तावीस वर्षे झाली. या एका तक्रारीसाठी माझ्याकडे येणाऱ्या दहा मुलांपैकी सात-आठ मुले तरी मी नुसती तपासून, आईबापांना समजावून घरी पाठवतो. जन्माच्या वेळी कातडीची आतली बाजू आणि मणी एकमेकांना चिकटलेलेच असतात, जसे नख बोटाला चिकटलेले असते. ब्रिटनमधले डॉ. गेर्डनर यांनी १९४९ साली लिहिले, की जन्मतः कातडी पूर्ण मागे जाते अशी मुले शंभरात फक्त चार असतात. पुढे डेन्मार्कच्या डॉ. ऑस्टर यांनी शाळकरी मुले वर्षानुवर्षे तपासली आणि १९६८ मध्ये निष्कर्ष छापले. सहा-सात वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांची कातडी कुठे ना कुठे चिकटलेली होती. सोळा-सतरा वर्षांपर्यंत कातडी मागे न जाणारा मुलगा शंभरात जेमतेम एक उरला, आणि हे सारे कोणी न कापता झाले. तुमचा मुलगा पाच वर्षांचा आहे. त्याच्या शरीराचे काम अजून चालू आहे.

मग इतक्या मुलांना त्रास का होतो? माझ्या अनुभवात याचे सर्वांत मोठे कारण आपल्याच घरात, मोरीत बसलेले असते. बाळाला तेल लावून आंघोळ घालायला येणाऱ्या मावशी रोज ती कातडी मागे ओढतात, ‘जागा मोकळी करायची’ म्हणून. आजी शेजारी उभी राहून हो म्हणते. काही डॉक्टरही सांगतात, रोज थोडी मागे घेत जा. मूल किंचाळते, रक्ताचा थेंब येतो, आणि ती बारीक चीर भरताना तिथे वण तयार होतो. रोज चीर, रोज वण. वर्षभरात मऊ कातडीच्या जागी आवळलेली, पांढुरकी कडी उरते. म्हणजे जी कातडी आपोआप सुटणार होती, ती आपण ओढून ओढून आजारी केली. पोटतिडकीने सांगतो, बाळाच्या आंघोळीच्या वेळी त्या जागेला बाहेरून पाणी पुरे. मावशींना प्रेमाने पण ठामपणे सांगा, की तेवढे सोडून सगळे अंग चोळा.

हे काही पाश्चात्त्यांनी शिकवलेले ज्ञान नव्हे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये, म्हणजे किरकोळ आजारांत, या जागेचे तीन विकार वेगवेगळे सांगितले आहेत. ‘निरुद्धप्रकश’ म्हणजे कातडीने मणी झाकून टाकणे, वेदना नसताना धार मंद होणे. ‘परिवर्तिका’ म्हणजे मागे गेलेली कातडी तिथेच गाठीसारखी अडकणे. आणि ‘अवपाटिका’ म्हणजे बळाने मागे केल्यामुळे, चोळल्यादाबल्यामुळे कातडी फाटणे. आपल्या मोरीत घडते ते नेमके हेच. निरुद्धप्रकशावरचा पहिला उपायही कापण्याचा नाही. दोन्ही बाजूंना तोंड असलेली लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तुपात माखून बसवायची आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी घालत तोंड रुंद करत न्यायचे. नाहीच जमले, तर खालच्या बाजूची शिवणीसारखी रेघ सांभाळून छेद.

आज नळीचे काम मलम करते. बेटामेथासोन हे सौम्य प्रमाणातले स्टिरॉइड दिवसातून दोनदा, अगदी पातळ थर, कातडीच्या आवळलेल्या कडीवरच, चार ते सहा आठवडे लावायचे. लावताना कातडी दुखणार नाही इतपतच ताणायची. दहापैकी साधारण आठ मुलांत कडी सैल पडते. पण औषध दुकानातून आपल्या मनाने आणू नका. खाजेवर मिळणाऱ्या, तीन-तीन औषधे एकत्र केलेल्या ट्यूबमध्ये बरेचदा फार तीव्र स्टिरॉइड असते आणि त्याने नाजूक कातडी पातळ होते. अशी महिनोन् महिने लावलेली प्रकरणे मला दर आठवड्याला दिसतात.

कातडीखाली पांढरे, मऊ दाणे दिसतात, त्यालाही लोक पू समजून घाबरतात. तो सुटलेल्या पेशींचा साठलेला मळ आहे. कातडी सुटली की तो आपोआप बाहेर येतो.

आता ज्या मुलांना खरोखरच सुंता लागते, त्यांच्याविषयी. ओळख घरीही करता येते. कातडीचे टोक दोन बोटांत हलके धरून किंचित मागे घ्या. निरोगी तोंड कळी उमलावी तसे उघडते आणि आत गुलाबी दिसते. आजारी तोंड उघडत नाही. टोक कडक, पांढरे, वणासारखे चकाकते, कधी त्याला भेगा पडलेल्या असतात. या आजाराचे नाव लांबलचक आहे, आम्ही बीएक्सओ म्हणतो. बहुधा वयाच्या सात-आठ वर्षांनंतर दिसतो, मलमाने क्वचितच पूर्ण बरा होतो, आणि अंगावर काढला तर लघवीच्या छिद्रापर्यंत, पुढे मूत्रमार्गापर्यंत पसरतो. याला सुंता हाच उपचार आहे. पुन्हा पुन्हा पू होणारी सूज आणि मलम नीट वापरूनही न हटलेली कडी, हीसुद्धा शस्त्रक्रियेची कारणे आहेत. लघवीच्या नळीत उलटा प्रवाह असलेल्या मुलांचा विचार वेगळा, तो पुढे सांगतो.

कातडी मागे गेली आणि पुढे येईना, मणी सुजला, तर मात्र तासांचा प्रश्न असतो. मूल रात्री रडत असेल तरी त्याच रात्री इस्पितळ गाठा.

सासूबाईंच्या ‘आपल्यात करत नाहीत’ याविषयी मला थोडे सविस्तर बोलायचे आहे. मराठीत सुंता हा शब्द नुसता वैद्यकीय नाही. त्यात धर्म आहे, जुनी भीती आहे, दंगलीत माणसे कशी ओळखली गेली त्याच्या ऐकलेल्या गोष्टी आहेत. हे मी समजू शकतो. पण त्यापायी एक मूल किती सोसते, तेही मी पाहिले आहे. निफाडकडचा नऊ वर्षांचा मुलगा, टोक पांढरे कडक, धार सुतासारखी. मी शस्त्रक्रिया सांगितली. आजोबा म्हणाले, ‘पोराचं लग्न व्हायचंय, उद्या कोणी काय म्हणलं तर?’ मग द्राक्षाची छाटणी आली, मग थंडी. चौथ्या महिन्यात मुलगा लघवी तुंबून, पोट टम्म फुगून रात्री दोन वाजता आला. आजार छिद्रापर्यंत पोहोचला होता, म्हणून एकाच्या दोन शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. तेच आजोबा आता गावातल्या लोकांना घेऊन येतात. अशा घरांना मी कागदावर ‘फायमोसिसची (म्हणजे कातडी मागे न जाण्याची) शस्त्रक्रिया’ असे लिहून देतो, कारण ते खरेच आहे. काही मुलांत, बीएक्सओ नसेल तर, कातडी न काढता फक्त तोंड रुंद करूनही भागते. विचारायला संकोच करू नका.

दुसऱ्या बाजूला माझ्याकडे वडाळा, जुने नाशिक, मालेगाव इथून धर्मासाठी सुंता करायला येणारी मुले आहेत. मे महिन्यात तर रांग असते. त्यांना मी ‘कशाला करता’ असे कधी विचारत नाही. कुराणात सुंतेचा उल्लेख नाही, पण हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, नखे काढणे, मिशा कातरणे यांच्याबरोबर ती शरीराच्या स्वच्छतेच्या गोष्टींत येते. हनफी पंथात ती सुन्नत, म्हणजे पैगंबरांची पाळावी अशी प्रथा, मानली जाते, कोकणी मुसलमानांच्या शाफई पंथात अनिवार्य. नमाजाआधीच्या पाकीशी तिचा संबंध आहे, आणि घरात तो सोहळा असतो.

महाराष्ट्रात ही परंपरा फक्त मुसलमानांची नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणत, ते घरात मराठी बोलत, पोहे-गूळ-खोबऱ्याचा मलिदा करत, आणि मुलाची सुंता आठव्या दिवशी करत. हिब्रू विसरले होते, पण शनिवार आणि सुंता विसरले नव्हते. शरणपूरच्या एका ख्रिस्ती कुटुंबाने मला विचारले होते, बायबलात अब्राहामाला सुंतेची आज्ञा आहे, मग आम्हीही करायची का? त्याच बायबलात ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात, यहुदी नसलेल्यांवर हे ओझे लादू नये, असा निर्णय आहे. तो त्यांनी घरी जाऊन वाचला आणि प्रश्न मिटला.

धर्मासाठी करणाऱ्यांना माझे म्हणणे एवढेच, की करा, पण जिथे भूल, निर्जंतुक हत्यारे आणि रक्तस्राव थांबवण्याची सोय आहे तिथे करा. परंपरेने सुंता करणाऱ्या खलिफाच्या हातून पिढ्यान् पिढ्या झाले हे खरे. पण खलिफाकडे न दिसणाऱ्या दोन गोष्टी मला रोज तपासाव्या लागतात.

पहिली, लघवीचे छिद्र कुठे आहे. साधारण तीनशे मुलांत एकाचे छिद्र टोकावर नसून खालच्या बाजूला असते, याला हायपोस्पेडियास म्हणतात. अशा मुलांची वरची कातडी टोपीसारखी आणि खालून उघडी असते. काही घरांत कौतुकाने सांगतात, ‘फरिश्त्यांनीच सुंता करून पाठवलंय.’ उरलेली कातडी मग समारंभात कापली जाते. त्याच कातडीतून आम्ही नवीन मूत्रमार्ग बांधतो! ती गेली, की गालाच्या आतली त्वचा काढून दोन टप्प्यांत काम करावे लागते. असा सात वर्षांचा मुलगा मालेगावहून आला होता, बाप हमसून रडत होता. दोष त्याचा नव्हता. जन्मल्यावर कोणी त्या बाळाचा लंगोट सोडून नीट पाहिलेच नव्हते. मुलाची ती जागा जन्माच्या दिवशी डॉक्टरला दाखवा आणि छिद्र टोकावर आहे ना, असे स्पष्ट विचारा.

दुसरी गोष्ट रक्ताची. आईच्या भावाला, मावशीच्या मुलाला दात काढल्यावर रक्त थांबले नव्हते का, हा प्रश्न मी प्रत्येक आईला विचारतो. हिमोफिलिया आईकडून मुलाकडे येतो. यहुद्यांच्या तालमुद या धर्मग्रंथात दीड हजार वर्षांपूर्वीच नियम आहे, की दोन भाऊ सुंतेनंतर दगावले असतील तर तिसऱ्याची करू नये. रक्ताच्या चाचण्या नव्हत्या, पण डोळे उघडे होते. आपल्याकडे तर चाचणी आहे, ती टाळू नका.

‘लेझर सुंता’, ‘दहा मिनिटांत, टाका नाही’ अशा पाट्यांना भुलू नका. यंत्र कुठले यापेक्षा हात कुणाचा आणि भूल कशी, हे विचारा. विजेच्या उपकरणाचा करंट लहान अवयवात एकवटून तो जळू शकतो, म्हणून आम्ही चिमट्याच्या दोन टोकांतच करंट राहील असे उपकरण वापरतो. कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९६६ साली, कातडी मागे जात नाही म्हणून एका आठ महिन्यांच्या बाळावर विजेच्या उपकरणाने शस्त्रक्रिया करताना त्याचे शिश्नच जळाले. त्याच्या जुळ्या भावाला तीच तक्रार होती. या अपघातानंतर त्याची शस्त्रक्रिया टाळली आणि त्याची कातडी आपोआप सुटली. शिकाऊ डॉक्टरांना ही घटना मी दरवर्षी सांगतो.

आणि ‘लहान बाळाला कळत नाही’ हे म्हणणे सोडून द्या. १९८७ साली डॉ. आनंद आणि डॉ. हिकी यांनी नवजात बाळालाही वेदना होतात हे पुराव्यानिशी मांडले. कुठल्याही वयात भूल हवीच.

आता तुमच्या नणंदेचे म्हणणे. त्यात तथ्य आहे, पण ते कुठले आणि कुणासाठी हे पाहावे लागते. एड्सचा पुरावा खरा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज फार्मची चाचणी २००५ मध्ये, केनियातल्या किसुमूची आणि युगांडातल्या राकाईची २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रौढ पुरुषांची सुंता केल्यावर स्त्रीकडून पुरुषाला होणारी एचआयव्हीची लागण पन्नास ते साठ टक्क्यांनी घटली. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने ज्या आफ्रिकी देशांत हा आजार घरोघरी होता, तिथे ती सुचवली. भारतात प्रौढांमधले प्रमाण चारशेत एकाहून कमी आहे. इथे कंडोम, तपासणी आणि वेळेवर गोळ्या हाच मार्ग आहे. सुंता झालेल्यालाही कंडोम लागतोच. पाच वर्षांच्या मुलाला या हिशेबात ओढायचे कारण नाही. मोठा झाल्यावर हवी तर तो स्वतः करून घेईल.

लघवीच्या जंतुसंसर्गाचेही तसेच. सुंतेने तो कमी होतो, पण निरोगी मुलांत एकाचा संसर्ग टाळायला सुमारे एकशे अकरा मुलांची सुंता करावी लागते. मूत्राशयातून मूत्रपिंडाकडे लघवी जोरात उलटी जाणाऱ्या मुलांत मात्र चारांमागे एकाचा फायदा होतो. तिथे मी स्वतःहून सुंता सुचवतो, धर्म कुठलाही असो, आणि त्या मूत्रपिंडासाठी आईबापांशी वाद घालायलाही मी तयार असतो.

शिश्नाचा कॅन्सर दुर्मीळ आहे. तो मुख्यतः मागे न जाणारी कातडी वर्षानुवर्षे तशीच ठेवणे, अस्वच्छता, तंबाखू आणि एचपीव्ही विषाणू यांमुळे होतो. वयात आल्यावर कातडी मागे घेऊन रोज साध्या पाण्याने धुणारा, तंबाखू न खाणारा मुलगा या कॅन्सरपासून बराच दूर असतो. त्याच्या वडिलांना मात्र सांगा: मधुमेह असेल आणि चाळिशीनंतर कातडीला भेगा पडू लागल्या, आवळू लागली, तर आधी साखर तपासा. लघवीतून साखर बाहेर काढणाऱ्या नव्या गोळ्यांनीही तिथे बुरशी वाढते. बरेच पुरुष लाजेपायी हे कुणालाच दाखवत नाहीत.

डॉक्टरांमध्ये तरी एकमत आहे का? नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये म्हटले, की फायदे धोक्यांपेक्षा अधिक आहेत, पण सरसकट सगळ्यांची करावी इतके नाहीत. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१० मध्येच वैद्यकीय कारणाविना मुलांची सुंता नको अशी भूमिका घेतली होती. २०१२ मध्येच जर्मनीतल्या कोलोनच्या न्यायालयाने धार्मिक सुंता ही मुलाला केलेली इजा ठरवली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात जर्मन संसदेने कायदा करून आईवडिलांना परवानगी दिली. आपल्याकडे बंदी नाही. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तशी मागणी करणारी याचिका फेटाळली.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, आजार नसताना आणि घराण्याची श्रद्धा नसताना, फक्त ‘चांगली असते’ म्हणून लहान मुलाची कातडी काढू नये. शरीर त्याचे आहे आणि घाई काहीच नाही. श्रद्धेपोटी करणाऱ्यांशी मी भांडत नाही, कारण मी नाही म्हटले तर ते मूल कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीत, भुलीविना जाईल. ते माझ्या टेबलावर सुरक्षित राहिलेले मला हवे आहे. माझे काही सहकारी यावर माझ्याशी सहमत नाहीत, त्यांच्या मताचा मला आदर आहे.

तर ताई, आता करायचे एवढेच. ओढणे आजपासून बंद. आंघोळीत बाहेरून पाणी. दिवाळीच्या सुट्टीत एकदा मुलांच्या सर्जनला दाखवून टोक पांढरे आहे का हे बघून घ्या, आणि त्यांनी सांगितले तरच मलम. मध्यंतरी धार बारीक झाली, मूल कुंथू लागले, ताप आला किंवा जागा लाल होऊन सुजली, तर सुट्टीची वाट पाहू नका. तो दहा-अकरा वर्षांचा झाला, की कातडी हळूहळू स्वतःच्या हाताने मागे घेऊन धुवायची आणि धुतल्यावर आठवणीने पुढे आणायची, हे त्याच्या बाबांनी त्याला न्हाणीघरात शांतपणे दाखवावे. सासूबाईंना घेऊन या, मी त्यांच्याशीही बोलेन.